भीड भिकेची बहीण



कामगार चळवळीतल्या माणसाला व्यासपीठावर उभे केले की तो बोनस, महागाई आणि कायदा ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. पण आजचा माझा विषय थोडा वेगळा आहे. दूरच्या अनोळखी माणसाशी इंटरनेटवरून इंग्रजी बोलण्याचा सराव करताना जी भीड वाटते, ती कशी मोडावी, ह्याबद्दल मला सांगावयाचे आहे. विषयाचे नाव ऐकून चिटणीसांनी मला विचारले, "अहो, इंग्रजीवर तुम्ही बोलणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. माझी शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, कारखान्याच्या फाटकावर आणि लेबर ऑफिसच्या बाकावर. पोहण्याचे शास्त्र ज्याला जन्मतःच येते त्याने बुडण्याच्या भीतीवर बोलू नये. ते माझ्यासारख्याने बोलावे, ज्याच्या नाकातोंडात पाणी गेले आहे.

'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ मला कळला तो १९९७ च्या सुमारास. तेव्हा मी एका औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करीत होतो. मालकाने परदेशातून एक जुना प्रेस आणला. तो बसवून देण्यासाठी तिकडचा एक तंत्रज्ञ आला होता. त्या यंत्रात एक खोड होती. पायडल एकदाच दाबले तरी कधीकधी ठोका दोनदा पडे. हे मी दोन दिवसांत तीनदा पाहिले होते. जाण्याच्या दिवशी तो तंत्रज्ञ माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने सरळ विचारले, "एनी प्रॉब्लेम?" मला प्रश्न कळला होता. उत्तरही मनात होते, पण ते मराठीत होते. शेजारी मॅनेजर उभे, मागे चार सोबती उभे. आपले इंग्रजी चुकले तर सगळे हसतील, हा विचार मनात आला आणि मी म्हणालो, "नो सर."

तिसऱ्या आठवड्यात माझ्या एका सोबत्याची दोन बोटे त्या प्रेसखाली गेली.

दोष कोणाचा, ह्याची चर्चा मी पुढे अनेक वर्षे केली. यंत्राच्या धोक्याच्या भागाला संरक्षक कठडा बसविणे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने मालकावर बंधनकारक केले होते. तो कठडा नव्हता, तेव्हा पहिला दोष मालकाचा. त्याच कायद्याच्या १०८ व्या कलमाने कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हव्यात असेही सांगितले होते. आमच्याकडे सगळा कागद इंग्रजी. तेव्हा तोही दोष मालकाचा. हे सगळे खरे असूनही रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझे ते दोन शब्द ऐकू येत. 'देअर इज प्रॉब्लेम' एवढे मोडकेतोडके बोललो असतो तरी पुरले असते. व्याकरण चुकले असते, पण बोटे राहिली असती.

म्हणून मित्रहो, इंग्रजी बोलण्याची भीड हा मला केवळ नोकरीच्या मुलाखतीचा प्रश्न वाटत नाही. ज्याचे तोंड बंद राहते त्याचा हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर जातो, आणि मर्जीवर जगणे म्हणजेच भीक. म्हण करणाऱ्याने नाते बरोबर जुळविले आहे.

आता ही भीड येते कोठून? काही जण म्हणतात, माणूस स्वभावानेच लाजाळू असतो. मला ते पूर्ण पटत नाही. जो कामगार फाटकावर हजार माणसांसमोर घोषणा देतो, तोच इंग्रजी विचारणाऱ्या पाहुण्यासमोर भिंतीला टेकतो. स्वभाव एकच, मग ही दोन रूपे कशी? उत्तर आपल्या समाजात आहे. आपल्याकडे इंग्रजी हे साहेबाचे, वकिलाचे, डॉक्टरचे बोलणे ठरले. ते अस्खलित आले की माणूस हुशार आणि अडखळला की अडाणी, असा हिशेब आपण बांधून टाकला. जपानी किंवा जर्मन माणूस चुकीचे इंग्रजी बोलला तर आपण त्याला हसत नाही, उलट समजून घेतो. हसतो ते आपल्याच माणसाला. तेव्हा ही लाज आपण शिकलेली आहे, आणि जे शिकता येते ते विसरताही येते.

अभ्यासकांनीही ह्या लाजेकडे लक्ष दिले आहे. स्टीफन क्रॅशन ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८० च्या आसपास असे मांडले की भीती आणि संकोच मनात एका गाळणीसारखे काम करतात. कानावर भाषा पडत असते, पण गाळणी घट्ट असली की ती आत उतरत नाही. १९८६ साली एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकताना वाटणारी ही धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. मोजण्याइतकी ती धास्ती सर्वत्र आहे. टेक्सासच्या कॉलेजात स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती होती. तेव्हा 'मलाच असे का होते' हा प्रश्न मनातून काढून टाकावा.

एक मोठे उदाहरण सांगतो. महात्मा गांधी विलायतेत बॅरिस्टरी शिकताना शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, पण सभेत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. आपले म्हणणे लिहून न्यावे, तरी ते वाचण्याचे काम दुसऱ्याला करावे लागे. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला चालविण्यास उभे राहिले तेव्हा डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना, आणि खाली बसून त्यांनी ३० रुपयांची फी परत केली. हे सारे त्यांनी आत्मकथेत न लपविता लिहिले आहे. आता ह्या कथेचा पुढचा भाग पाहा, तो फारसा कोणी सांगत नाही. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला गेले. तेथल्या हिंदी लोकांची सभा त्यांनी बोलाविली आणि तीत जे भाषण केले तेच आपले आयुष्यातले पहिले जाहीर भाषण असे ते म्हणतात. त्या सभेत त्यांनी सांगितले की ज्यांना सवड आहे त्यांना मी इंग्रजी शिकवीन. वर्ग काही जमला नाही, पण तीन तरुण तयार झाले. एक न्हावी, एक कारकून आणि एक लहान दुकानदार. त्यांची अट अशी की गांधींनी त्यांच्या जागी येऊन शिकवावे. गांधी गेले. कधी ते कामात असत, तरी गेले. असे सुमारे आठ महिने चालले. न्हाव्याची मागणी मोठी नव्हती, गिऱ्हाइकाशी बोलता येईल एवढेच इंग्रजी त्याला हवे होते. तिघांपैकी दोघे हिशेब ठेवण्याइतके आणि साधी पत्रे लिहिण्याइतके शिकले.

ह्या गोष्टीत मला तीन धडे दिसतात. ज्याची स्वतःची जीभ अडखळत होती तोच माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडायला गेला तेव्हा बोलता झाला. शिकणाऱ्याने आपल्या धंद्याला लागेल तेवढेच मागितले. आणि ही शिकवणी कामाच्या जागी, सवडीप्रमाणे, नेमाने झाली. आजच्या मोबाइलवरच्या सरावालाही हेच तीन नियम लागतात.

माझा स्वतःचा सराव सुरू झाला तो २०२० च्या टाळेबंदीत. निरनिराळ्या देशांतल्या कामगार कार्यकर्त्यांची पडद्यावर एक बैठक होती. मला आमच्या भागाची हकीकत सांगावयाची होती. नाव पुकारले गेले. मी ध्वनी बंद करून बसलो आणि 'नेटवर्क गेले' असे लिहून पाठविले. नेटवर्क उत्तम होते, गेला होता तो माझा धीर. त्या रात्री मला पुन्हा १९९७ चा तो प्रेस आठवला. वयाची पन्नाशी आली तरी मी अजून 'नो सर' म्हणतच होतो.

माझ्या भाच्याने मोबाइलमध्ये एक सोय दाखविली. जगात कोठेही बसलेला, इंग्रजी शिकू पाहणारा अनोळखी माणूस आपल्याशी बोलावयास मिळतो. हॅलोटॉक, टँडम अशा नावांची ही साधने आहेत, आणखीही पुष्कळ आहेत. पहिल्या दिवशी मी बोललो ते फार तर अर्धा मिनिट. समोरून 'हॅलो, हाऊ आर यू?' आले आणि मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला विचारले की नव्या कामगाराला आपण बोलावयास कसे शिकवितो? त्याला पहिल्याच दिवशी फाटकावर भाषण करावयास सांगत नाही. आधी तो घोषणेला साथ देतो. मग सूचना वाचून दाखवितो. मग आपल्या खात्यातली एक अडचण दोन वाक्यांत सांगतो. वर्षभराने तोच माईक सोडीत नाही! इंग्रजीलाही हीच शिडी लावावी असे मी ठरविले.

पहिली पायरी, मी माझ्या कामाविषयी दहा वाक्ये एका वहीत लिहून काढली. मी कोठे राहतो, काय करतो, घरी कोण आहे, आज काय जेवलो. ती मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि ऐकली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो, पण चार दिवसांत त्याची सवय होते.

दुसरी पायरी, चेहरा न दाखविता फक्त आवाजाने बोलावयाचे, तेही पाच मिनिटे. वही समोर उघडी. समोरच्याला वही दिसत नाही, हा ह्या साधनाचा मोठा फायदा.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. न कळल्याचे सांगणारी वाक्ये पाठ करावयाची. 'पार्डन', 'प्लीज स्पीक स्लोली', 'आय डिड नॉट अंडरस्टँड', 'डू यू मीन धिस?' भीड खरी कोठे लपलेली असते? चुकण्यापेक्षा न कळल्याचे कबूल करण्यात ती जास्त असते. म्हणून मी रोजच्या चुका मोजणे सोडले आणि आज किती वेळा 'पार्डन' म्हणालो ते मोजू लागलो. ज्या दिवशी आकडा मोठा, तो दिवस चांगला. कारण तितक्या वेळा मी मान डोलावण्याऐवजी प्रश्न विचारला होता.

चौथी पायरी, एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा बोलावे. रोज नवा माणूस म्हणजे रोज तेच नाव-गाव. ओळख वाढली की विषय वाढतो.

उच्चारांबद्दल दोन शब्द सांगतो, कारण लाजेचे निम्मे कारण तेच असते. आपली मराठी बहुतांशी लिहिली तशी बोलली जाते, इंग्रजी नाही. आपल्याकडे 'व' एकच, इंग्रजीत दोन. पश्चिम दिशा आणि गंजीफ्रॉक हे दोन्ही शब्द आपण 'वेस्ट' असेच म्हणतो, पण पहिल्याला ओठांचा चंबू करावा लागतो आणि दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात. 'रेकॉर्ड' म्हणजे नोंद असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, नोंदविणे असेल तर दुसऱ्यावर. मराठीत असा जोर बदलून अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळीकडे सारखा जोर देतो. आणखी एक गोष्ट वाक्याच्या रचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते मध्ये येते. म्हणून आपण बोलताना अर्ध्यावर थबकतो. ही थबक बुद्धीची नाही, गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाताना जो खडखडाट होतो तसली आहे. हे कळले तरी मनावरचा निम्मा भार उतरतो. आपला मराठी हेल पुसून टाकण्याची मात्र काही गरज नाही. समोरच्याला कळले म्हणजे झाले. इंग्रजी ही ज्यांची जन्मभाषा आहे त्यांच्याहून ती नंतर शिकलेली माणसे जगात कितीतरी अधिक आहेत, आणि प्रत्येकाच्या बोलण्याला आपापल्या मातीचा वास आहे.

असाच मला ब्राझीलमधला एक बसचालक भेटला. माझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याच्या दुपारचा एक, जेवणाची सुट्टी. त्याचेही इंग्रजी माझ्यासारखेच. दोघेही शब्द शोधीत असू. एकदा तो म्हणाला की डिसेंबरात त्याला 'थर्टीन सॅलरी' मिळते. मला वाटले, तेरा तारखेला पगार होत असेल. पूर्वीचा मी असतो तर 'येस, येस' म्हणून पुढे गेलो असतो. पण वहीतले वाक्य काढले, "डू यू मीन डेट?" तो हसला आणि त्याने पाच-सहा मोडक्या वाक्यांत समजावून दिले. त्यांच्याकडे १९६२ च्या कायद्याने कामगाराला वर्षाला तेरावा पगार मिळतो. बारा महिने काम आणि तेरा पगार! मग मी त्याला आपल्या बोनसबद्दल सांगितले. आपला बोनसचा कायदा तेव्हा १९६५ चा होता. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के झाला. १०० ला १२ ने भागून पाहा, ८.३३ येतात. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. आपल्याकडे तो मोजताना पगाराला मर्यादा लावतात, हा फरक आहे. पण मुळातली मागणी एकच. जगाच्या दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांना, दोघांच्याही नसलेल्या भाषेत, हे कळले. त्या रात्री मला प्रथमच वाटले की ही भाषा साहेबाची राहिलेली नाही, हत्यारपेटीतला एक पाना आहे. ज्याला नट आवळावयाचा आहे त्याने तो उचलावा.

अनोळखी माणसाशी बोलणे ओळखीच्या माणसापेक्षा सोपे का जाते, हेही मला तेव्हा उमगले. ओळखीच्याजवळ आपली जुनी खातेवही असते. आपण नापास कधी झालो, कोठे अडखळलो, सगळे त्याला ठाऊक. परक्याजवळ कोरे पान असते. पण त्याच कारणाने धोकाही असतो, आणि तो न सांगता मी खाली बसलो तर ते बेजबाबदारपणाचे होईल. ओमेगल नावाचे एक संकेतस्थळ २००९ साली निघाले. कोणीही कोणाशीही बोलावे, नाव-गाव सांगण्याची गरज नाही, अशी त्याची रीत. त्याचा वाईट उपयोग, विशेषतः मुलांच्या बाबतीत, इतका झाला की नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बंद करावे लागले. तेव्हा नियम बांधून घ्यावेत. घरचा पत्ता, बँकेचा तपशील, मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. पैशाची गोष्ट निघाली की संभाषण संपवावे. आमच्या भगिनींना तर मी आग्रहाने सांगतो की समोरचा पुरुष भलते बोलू लागला तर त्याला इंग्रजीत उत्तर देण्याच्या फंदात न पडता फोन ठेवावा आणि त्याची तक्रार करावी. तेथे शिष्टाचाराची भीड धरू नये. लहान मुलांना तर असल्या ठिकाणी एकटे सोडूच नये.

कोणी विचारील, आता यंत्राशीच बोलता येते, मग माणूस कशाला हवा? कृत्रिम बुद्धीची यंत्रे इंग्रजीत गप्पा मारतात, चूक दाखवितात, कंटाळत नाहीत आणि हसतही नाहीत. पहिल्या पायऱ्यांसाठी त्यांचा उपयोग जरूर करावा, मीही करतो. पण ती हसत नाहीत, हीच त्यांची उणीव. भीड माणसाची वाटते, ती माणसासमोरच मोडते.

आता एक शंका राहते, आणि ती ह्या सभागृहात कोणाच्या तरी मनात असणारच. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि हा गृहस्थ आम्हांला इंग्रजीची वकिली सांगतो आहे! बंधूंनो, मी जी लढाई लढलो ती मराठीत. माझे रडणे, हसणे, भांडणे मराठीत. कामगाराला त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे ही मागणी मी कधीही सोडणार नाही. पण उच्च न्यायालयाचा निकाल घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे आजही इंग्रजीत येतो. यंत्राचे पुस्तक बहुधा इंग्रजीत येते. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली तेव्हा हिंदी कामगारांच्या वतीने नारायण मल्हार जोशी गेले. कामगारांचे दुःख मुंबईच्या चाळीतले होते, ते जगापुढे मांडावयाचे तर जगाला कळेल अशा भाषेत मांडावे लागले. तेव्हा त्यासाठी एक जोशी पाठवावे लागत. आज प्रत्येक कामगाराच्या खिशात ती सोय आहे. २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की परदेशातल्या माणसाशी बोलणे चहाच्या कपाहून महाग राहिले नाही. अडले आहे ते पैशावाचून नाही, धिटाईवाचून अडले आहे.

माझी एक सूचना आहे. एकट्याने हे करू नका. आमच्या कचेरीत दर रविवारी सकाळी सहा-सात जण जमतात. एक फोन मध्ये ठेवतात. एक जण परक्याशी बोलतो, बाकीचे ऐकतात. नियम एकच, हसावयाचे नाही. जो हसेल त्याने पुढचा फोन करावयाचा. हा दंड इतका कडक आहे की आता कोणी हसत नाही! तुमच्या वाचनालयात, तुमच्या मंडळात, महिलांच्या बचतगटात असे करावयास काय हरकत आहे? जागा आहे, फोन आहेत, फक्त सुरुवात करणारा एक जण पाहिजे.

शेवटी त्या माझ्या सोबत्याबद्दल सांगतो. तो आज गावी असतो, शेती पाहतो. मी इंग्रजी बोलावयास शिकतो आहे हे ऐकल्यावर तो एवढेच म्हणाला, "लवकर शिकलास रे." तो चेष्टेने बोलला, मनात काही ठेवून नाही. पण मला ते शब्द विसरता येत नाहीत. त्याच्या बोटांना उशीर झाला. तुमच्या-आमच्या मुलांना होऊ नये, एवढ्याचसाठी ही सारी कहाणी मी येथे मांडली. पुढे कधी कोणी तुम्हांला विचारले, "एनी प्रॉब्लेम?" तर व्याकरणाचा विचार न करता, मोडक्या का होईना शब्दांत, जे खरे आहे ते सांगा.